आधी कसा गेला ते सांग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मॅच लागलेली असली आणि विकेट पडली की अण्णांचा एकच प्रश्न येतो, "कसा गेला?" मी सवयीनं "बावीसवर गेला" म्हणायला तोंड उघडतो, तर ते हात वर करून थांबवतात. "रना मागनं सांग. आदी कसा गेला ते सांग."

त्याला कारण आहे. अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. भिंतीवरच्या टीव्हीत त्यांना माणसं दिसतात, धावपळ दिसते, पण बॉल दिसत नाही. त्यामुळं गेली दोन वर्षं त्यांची कॉमेंट्री माझ्याकडं आहे. ऐकून क्रिकेट समजून घ्यायची त्यांची सवय तशी जुनीच. फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचे, तेव्हा खिडकीत ट्रान्झिस्टर लावून, बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत त्यांनी लाकूड घासलंय. रेडिओवर ऐकणाऱ्याला "आऊट" एवढ्या शब्दानं भागत नाही. बॉल कुठं पडला, पाय कुठं गेला, बॅट कुठून आली हे कळल्याशिवाय चित्रच उभं राहत नाही.

ह्या प्रश्नापायीच माझी वही सुरू झाली. जॉबवर्कच्या चलनांसाठी आणलेली एक लांबट वही शिल्लक होती. तिच्यात मी चार रकाने पाडले: कोण, कुणाला, कसा, आणि धावा. धावांचा रकाना शेवटी, मुद्दाम बारीक. माझ्याकडं दोन सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची मशीनं आहेत, दिवसभर मापं घेणं हाच धंदा. मॅच बघतानाही तो हात सुटत नाही.

जे सांगायचंय ते ह्या वहीतलंच आहे. आपण "त्याचा फॉर्म गेलाय" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त धावा बघितलेल्या असतात, आणि धावांवरून फॉर्म कळतच नाही असं माझं मत आता पक्कं झालंय.

शेडमधलं उदाहरण देतो. पंपाच्या बुशची ऑर्डर चालू आहे. सकाळी मशीन लावली, पहिले पाच जॉब काढले आणि मायक्रोमीटर लावला. पाचही जॉब वीस-वीस मायक्रॉन मोठे निघाले तर घाबरायचं काही नाही. कापणारी टिप घासली असेल, मशीन तापली असेल. ऑफसेट मारायचा, म्हणजे बटन दाबून मशीनला तेवढी दुरुस्ती सांगायची, सहावा जॉब मापात येतो. पण दोन मोठे, दोन लहान, एक बरोबर असं आलं तर? तर आकड्यांनी भागत नाही, उठून मशीनभोवती फिरावं लागतं. जॉब पकडणारा चक ढिला आहे का, मटेरियल बदललंय का, की ऑपरेटरनं ड्रॉइंगच दुसरं लावलंय? दोन्ही वेळेला माल रिजेक्टच, पण रोग वेगळा आणि औषधही वेगळं.

आता वहीतली विराट कोहलीची दोन पानं बघा.

पहिलं 2024 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचं. फायनलच्या आधी सात डावांत मिळून 75 धावा. मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं, ह्याला बसवा, जैस्वालला खेळवा. मी "कसा" चा रकाना वाचत होतो. एकदा थर्ड मॅनला कॅच, एकदा कव्हर पॉइंटला, एकदा कीपरला, एकदा लाँग ऑफला, एकदा मिड ऑनच्या बाजूला आणि दोनदा बोल्ड. सात वेळा आऊट, पण सगळीकडं दिसेल अशी एकच एक खोड नाही. म्हणजे मशीन तेच होतं, हातात दुसरं ड्रॉइंग दिलेलं होतं. ओपनिंगला जायचं आणि पहिल्या बॉलपासून मारायचं, हे काम त्याच्या नेहमीच्या कामापेक्षा निराळं. बार्बाडोसला फायनलमध्ये 34 ला 3 झाले आणि परिस्थितीनंच त्याचं जुनं ड्रॉइंग त्याला परत दिलं. एक बाजू धर, दुसऱ्या बाजूनं अक्षरला मारू दे. 59 बॉलमध्ये 76 झाल्या आणि आपण 7 धावांनी जिंकलो.

दुसरं पान त्याच वर्षअखेरीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं. पर्थला नाबाद शतक, म्हणून बरेच जण निर्धास्त. पण नऊ डावांत 190 धावा, आणि आठ वेळा आऊट झाला ते आठही वेळा मागं कॅच. कधी कीपरला, कधी स्लिपमध्ये. बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर, पाय अर्धा पुढं, बॅट बॉलच्या मागं गेलेली. एकट्या बोलंडनं त्यात चार वेळा काढला. हे पान मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा सहाव्या ओळीला त्यांनी हात वर केला. "बास. कळलं."

मी म्हटलं, "अण्णा, हे तर सोपं आहे. सगळे जॉब एकाच बाजूला चाललेत. ऑफसेट मारायचा."

"मानसाला ऑफसेट मारता येतो व्हय रं?"

"सचिननं मारला की. सिडनीला, 2004 ला. कव्हर ड्राइव्हवर सारखा जात होता, तर अख्ख्या डावात कव्हर ड्राइव्ह काढलाच नाही. नाबाद 241."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यानं बटन दाबलं न्हाई. दोन दिवस सवतःचा हात धरून ठिवला. हात धरून ठिवणं म्हंजे काय ते तुला म्हाईत न्हाई, तुजं काम मशीन करती."

हे मला लागलं, कारण खरं होतं. हातात रंधा घेऊन चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला सवय मोडणं काय असतं ते कळतं. कोहली मे 2025 मध्ये कसोटीतून निवृत्त झाला. ती बातमी आली त्या दिवशी आम्ही त्या पानावर काही लिहिलं नाही.

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचं पान मात्र मी स्वतः तिथं बसून लिहिलंय.

ऑक्टोबर 2024, न्यूझीलंडविरुद्धची दुसरी कसोटी. शनिवार, तिसरा दिवस. दिवाळी चार दिवसांवर आलेली, कामगारांचा बोनस द्यायचा होता, तरी शेड बंद ठेवली आणि पहाटे साडेतीनला गाडी काढली. सोबत धाकटी मुलगी, दहावीतली. कराड, सातारा, खंबाटकी, पुढं कात्रजवरून बाहेरच्या बाहेर, आणि पहिली ओव्हर पडायच्या आत जागेवर. डोक्यावर छप्पर नाही आणि ऑक्टोबरचं ऊन.

आमची जागा खेळपट्टीच्या आडव्या बाजूला होती. तिथून बॉल किती वळतो ते दिसत नाही. पण टीव्हीवर जे दिसत नाही ते दिसतं, बॉल हवेत किती वेळ आहे आणि बॅट्समन त्याला कुठं गाठतो. त्यांचा स्पिनर सँटनर, त्याचा रनअप तोच, हात तोच, आणि एक बॉल झपकन यायचा तर पुढचा हवेत रेंगाळायचा. आपले बॅट्समन पाय पुढं टाकायचे आणि मध्येच थांबायचे. धड पुढं नाही, धड मागं नाही. धाकटीनं विचारलं, "बाबा, हे सगळे एकाच जागी का अडकतायत?" तिला बोटानं दाखवता येत होती ती जागा.

359 करायच्या होत्या. जैस्वाल खेळत होता तोवर आशा होती. जेवणाला 1 बाद 81, मग 2 बाद 127, आणि तिथून बघता बघता 7 बाद 167. पंत रनआऊट झाला, तो सोडला तर वरच्या फळीतले रोहित, गिल, जैस्वाल, कोहली, सरफराज असे पाचही जण सँटनरला गेले. आधीच्या डावात त्याला सात, ह्या डावात सहा. 113 धावांनी हरलो. 2012 नंतर घरात एकही मालिका हरलो नव्हतो, सलग अठरा जिंकल्या होत्या, आणि ती साखळी आमच्या डोळ्यांसमोर तुटली. परतीच्या वाटेवर कराडच्या पुढं येईस्तोवर आम्ही दोघं काही बोललो नाही.

रात्री अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना आधीच्या, बेंगळुरूच्या कसोटीत 46 वर सगळे बाद झाल्याचं जास्त वाईट वाटत होतं. मला नव्हतं वाटत. बेंगळुरूला ढग होते, बॉल हलत होता, एक सकाळ वाईट गेली. एका जॉबवरून मी निकाल देत नाही. गहुंज्यात पाच-सहा जण एकाच जागी अडकले ते जास्त गंभीर होतं, आणि पुढच्या आठवड्यात वानखेडेवर तेच पुन्हा झालं तेव्हा वहीत मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता अण्णांचं शास्त्र. ते सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

पॅटर्न मेकरकडं एक पट्टी असते. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिच्यावरचं माप खोटं असतं. जिथं 300 लिहिलंय तिथं खरं अंतर 303 मिलिमीटर. कारण वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. स्टील असेल तर दोन. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. अण्णांची पट्टी अजून त्यांच्या खिशात असते, रुमालात गुंडाळलेली. आकडे पुसट झालेत, पण अंगठा फिरवला की त्यांना खाच लागते.

ही पट्टी ते बॅट्समनला लावतात. कुणी घरच्या मैदानावर दोन शतकं मारली आणि मी कौतुक करायला लागलो की म्हणतात, "गरम हाय अजून. थंड हू दे." म्हणजे इंग्लंडला जाऊ दे, ऑस्ट्रेलियाला जाऊ दे, किती आकसतंय ते बघू. आणि राहुल 2025 ला इंग्लंडमध्ये सलामीला येऊन पाच कसोटींत 532 धावा करून आला तेव्हा म्हणाले, "ह्यो थंडच ओतलेला हाय, हितं मोजायची गरज न्हाई." ऑफ स्टंपबाहेरचे बॉल तो सोडून देत होता ते मी त्यांना एकेक करून सांगितले होते. सोडलेला बॉल ऐकायला अण्णांना चौकारापेक्षा जास्त आवडतो.

एका नावाला मात्र ते पट्टी लावत नाहीत. भाऊसाहेब निंबाळकर. आमच्या कोल्हापूरचे. डिसेंबर 1948, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीचा सामना. नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 ला गाठायला नऊ धावा हव्या होत्या आणि समोरच्या कॅप्टननं सामना सोडून दिला. त्या माणसाला पुढं एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. 2012 च्या डिसेंबरात ते इथं कोल्हापुरातच गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. निवडीवरून वाद सुरू झाला की अण्णा एवढंच म्हणतात, "चारशे त्रेचाळीस करून घरी बसलेला मानूस आमच्या गावात हुता." त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचीच नोंद आहे, धाकटीच्या अक्षरात. "कसा" च्या रकान्यात तिनं लिहिलंय: गेलाच नाही.

2025 चा इंग्लंड दौरा म्हणजे आमच्या शेडचा सण होता. त्यातल्या दोन कसोट्यांचा शेवट सोमवारी झाला, आणि सोमवार म्हणजे आमच्या कारखान्याची सुट्टी.

पहिला सोमवार लॉर्ड्सचा, 14 जुलै. जडेजा 61 वर नाबाद, तीस बॉल तग धरून उभा असलेला सिराज, आणि बशीरचा तो बॉल. सिराजनं बॅटच्या मधोमध घेतला, खाली पाडला, आणि बॉल टप्पा खाऊन मागं घरंगळत स्टंपला लागला. 22 धावांनी हरलो. "कसा गेला?" अण्णांनी विचारलं. मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, "बरोबर खेळला, तरी गेला." वहीतही तसंच लिहिलंय.

दुसरा सोमवार 4 ऑगस्टचा, ओव्हल. श्रावणी सोमवार. अण्णांचा उपवास, त्यांच्यासाठी आमच्या घरची साबुदाण्याची खिचडी डब्यात. आदल्या दिवशी, नांदणीच्या मठातून वनताराला नेलेली माधुरी हत्तीण परत मिळावी म्हणून, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा आली होती. आमचा ऑपरेटर पोरगा ती पूर्ण चालला होता, त्याचे पाय बादलीतल्या गरम पाण्यात. रविवारी त्यानं मॅच बघितली नव्हती, त्यामुळं साडेतीन वाजायच्या आत त्याला सगळं सांगावं लागलं: ब्रूक 19 वर असताना सिराजनं कॅच घेतला आणि त्याचा पाय मागच्या सीमारेषेला लागला, मग ब्रूकनं 111 केल्या, रूटनं 105, आणि आता 35 धावा हव्यात, चार विकेट बाकी आहेत, त्यात वोक्सचा खांदा निखळलेला.

अण्णांचं म्हणणं, सिराजचे पाय संपलेत. पाचही कसोट्या खेळलाय, काल चूक झाली ती थकव्यानंच. दुसऱ्याच्या हातात बॉल द्या, आणि मिळेल तेव्हा नवा बॉल घ्या.

मी दोन्हीला विरोध केला, आणि तो का केला ते इथं सविस्तर लिहितो, कारण त्या तासाभरात क्रिकेटच्या डावपेचाचं सगळं सार होतं. कालचा पाय लागला ती फिल्डिंगमधली एक चूक होती, बॉलिंगमधली नव्हे. बॉलिंगचा रकाना बघितला तर सिराजचा टप्पा रविवारी संध्याकाळीही जिथल्या तिथं पडत होता. थकलेल्या बॉलरचा टप्पा आधी आखूड होतो. त्याचा झालेला नव्हता.

आणि नवा बॉल? 76 ओव्हर झालेल्या, चार ओव्हरनंतर नवा मिळणार होता. पण ढग होते, आणि हातातला जुना बॉल हलत होता. हलणारा बॉल हातात असताना तो द्यायचा कशासाठी? नवा बॉल टणक असतो, कडेला लागला तरी सीमेपार जातो. 35 धावा म्हणजे अशा आठ-नऊ कडा. जुन्या, मऊ पडलेल्या बॉलवर चौकार मारायला हिसका द्यावा लागतो, आणि शेवटच्या फळीतला माणूस हिसका द्यायला गेला की फसतो.

अण्णांना पटलं नाही. "तुज्या बापाच्या वयाचा हाय मी," म्हणाले, "नवा बॉल म्हंजे नवा बॉल."

पहिल्याच ओव्हरला ओव्हर्टननं प्रसिधला दोन चौकार मारले आणि शेडमध्ये सगळे गप्प झाले. मग सिराज आला. स्मिथ, कीपरला कॅच. ओव्हर्टन, पायचीत. मी प्रत्येक बॉल अण्णांना सांगत होतो, बाहेर पडला, बाहेर गेला, चुकला. नवा बॉल मिळायची वेळ झाली. गिलनं घेतला नाही. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले, "घेतला?" "नाही." परत बसले. प्रसिधनं टंगचा स्टंप उडवला आणि वोक्स उतरला, डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला. आमचा ऑपरेटर पोरगा बादलीतून पाय काढून उभा राहिला. आपल्या विरुद्ध बाजूचा माणूस होता, तरी त्या शेडमधल्या एकानंही त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. अटकिन्सननं सिराजला उचलून मारलेला बॉल आकाशदीपच्या हातांवरून सिक्स गेला. सात हव्यात.

मग यॉर्कर. ऑफ स्टंप.

"कसा गेला?" अण्णा ओरडले, पण कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर बोटानं तीन रेघा ओढल्या, स्टंपच्या, आणि बाजूची एक पुसली. त्यांनी मान हलवली. सहा धावांनी जिंकलो. सिराजला डावात पाच, सामन्यात नऊ, मालिकेत 23. मालिका 2-2.

पुढं चार-आठ दिवस सगळीकडं एकच बोलणं ऐकलं: बघा, बुमरा नसलेल्याच दोन कसोट्या आपण जिंकल्या, म्हणजे त्याच्याशिवाय टीम चांगली खेळते. हे मला अजिबात मान्य नाही. एजबॅस्टनला गिलनं एका सामन्यात 269 आणि 161 केल्या, आकाशदीपनं दहा विकेट काढल्या. त्यात बुमराच्या नसण्याचा काय संबंध? बुमरानं तीन कसोट्यांत 14 विकेट घेतल्या. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही. एवढं बोलून मी तो विषय सोडतो, त्याच्यावर आमच्याकडं फार आवाज चढलेत.

महिलांच्या वर्ल्ड कपला वही धाकटीकडं होती. आता ती अकरावीत आहे आणि मुलींच्या क्रिकेटमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली हे ती पाचवीत असताना सगळ्यांना सांगत फिरायची, आणि सांगलीची स्मृती तर तिला घरातलीच वाटते. 2 नोव्हेंबरचा रविवार, नवी मुंबईत फायनल, पावसानं खेळ संध्याकाळी पाचला सुरू झाला. अण्णांना त्या दिवशी आमच्या घरीच आणलं.

शफालीवरून वाद झाला. प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून ती ऐनवेळी संघात आलेली, सेमीफायनलला दहा धावांवर गेलेली. माझं म्हणणं होतं, फायनलला एवढा धोका नको. धाकटी म्हणाली, "बाबा, एका जॉबवर ऑफसेट मारायचा नसतो. तुम्हीच सांगता." अण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

शफालीनं 87 केल्या. स्मृतीबरोबर 104 ची सलामी. पण रात्रभर आम्ही बोलत बसलो ते तिच्या बॅटिंगवर नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्व्हार्ट आणि लूसची जोडी जमली होती, आपल्या नेहमीच्या बॉलर्सचा अंदाज त्यांना आलेला होता, आणि हरमनप्रीतनं बॉल शफालीकडं दिला. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये, क्वचित बॉलिंग करणाऱ्या मुलीकडं. दुसऱ्याच बॉलला लूसचा कॅच तिनं स्वतःच घेतला. पुढच्या ओव्हरला काप, कीपरला कॅच.

मी ह्याचं उत्तर वहीत शोधत होतो. शफालीच्या बॉलिंगचं एकही पान नव्हतं. माझ्याकडं नव्हतं, आणि समोरच्या टीमकडंही नसणार. तिच्या बॉलचा वेग कमी होता, जमलेल्या बॅट्समनला थांबून खेळावं लागत होतं, हे कारण मला नंतर सुचलं. हरमननं ते आधी ओळखलं. अण्णा म्हणाले, "हाताला कळतं ते डोक्याला मागनं कळतं." मग दीप्तीच्या बॉलवर 101 वरच्या वोल्व्हार्टचा कॅच अमनज्योतच्या हातातून उडाला, परत उडाला आणि शेवटी बसला, तो प्रसंग धाकटीनं अण्णांना स्वतःच्या हातात लिंबू घेऊन करून दाखवला. दीप्तीला पाच, आपण 52 धावांनी जिंकलो. बारा वाजून गेले होते. तिघंही गाडीवरून शिवाजी चौकात जाऊन आलो, अण्णा मध्ये.

त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेचा पुरुषांचा संघ आला. कोलकात्याला 124 करायच्या होत्या. गिल मान आखडल्यानं बॅटिंगला येऊ शकला नाही, आणि 93 वर सगळं संपलं. हार्मर, ऑफस्पिनर, दोन्ही डावांत चार-चार. मी "कसा" चा रकाना भरत गेलो आणि गहुंज्याचं पान शेजारी उघडून ठेवलं. जागा तीच. गुवाहाटीला खेळपट्टी बरी होती, तिथं आधी यान्सननं आखूड बॉलवर सहा काढले, पण दुसऱ्या डावात परत हार्मरला सहा. 408 धावांनी हरलो. तेरा महिन्यांत घरात दुसऱ्यांदा एकही कसोटी न जिंकता मालिका गेली.

मी अण्णांना विचारलं, आणि मनापासून विचारलं, "तुमची पट्टी तर बाहेर गेल्यावर आकसतं म्हणते. हे घरातच आकसलं. आता कुठली पट्टी लावायची?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पट्टी सोडवली, अंगठा फिरवत बसले. चहा गार झाला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "घर आन् भाईर असं मोजत हुतो. घराचा काय संबंध न्हाई. धातू कंचा हाय ते बगायचं असतंय. पैल्या तासाला बॉल वळाया लागला की त्यो धातू येगळा. पुन्याचा आन् कोलकात्याचा एकच. आपल्या पोरांचा पॅटर्न बिडाचा, आन् ओततोय स्टील."

मी वही पुढं ओढली. "कसा" आणि "धावा" यांच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून धावांचा रकाना अर्धा खोडून त्यात एक रेघ ओढली आणि वर लिहिलं: धातू. खेळपट्टी पहिल्या दिवशी काय करत होती, बॉल कुठल्या कंपनीचा होता, एसजी की ड्यूक्स की कुकाबुरा, ढग होते की ऊन, ते सगळं आता तिथं.

धाकटी जुनी पानं वाचते, अण्णा त्यांना आठवतं ते सांगतात, मी मॅचच्या तारखा लावून रकाना भरतो. रोज चहाच्या वेळेला दोन-तीन पानं होतात. काल गहुंज्यापर्यंत आलो.